आग न लावता उंदीर धरणाऱ्याची हकीकत

सर्व सुज्ञ वाचकांस नम्रतापूर्वक विदित करण्यात येते की, पुढील मजकुरात मी मलावी देशी, देद्झाच्या डोंगरपायथ्याशी वसलेल्या चिंगोंडे नामक गावात थडग्यांच्या राईस लागलेल्या आगीची, त्या आगीचा ठपका माझ्यावर ठेवण्यात आल्याची, व तो मी कोणत्याही प्रकारे पत्करला नाही याची समग्र हकीकत कथन करणार आहे. मी शाळेत सहाव्या इयत्तेपर्यंतच बसलो. तथापि जे स्वतःच्या डोळ्यांनी पाहिले ते लिहिण्यास तेवढी इयत्ता पुरेशी आहे, असे माझे मत आहे.

मी उंदीर धरतो. हे वाक्य मी मान खाली घालून लिहीत नाही.

मक्याची कणसे घरी आली व शेतात नुसती वाळकी धाटे उभी राहिली, की आमच्याकडे उंदरांचा हंगाम सुरू होतो. उंदीर म्हणजे घरातला घाणेरडा उंदीर नव्हे, तर सांडलेला दाणा व गवताचे बी खाऊन लठ्ठ झालेला शेतातला उंदीर. तो केसांसकट मिठाच्या पाण्यात उकळावा, विस्तवावर सुकवावा, आणि मक्याच्या पिठाच्या घट्ट उकडीचा, म्हणजे न्सिमाचा, गरम गोळा हातात घेऊन त्याबरोबर खावा. ज्यांना नाक मुरडायचे असेल त्यांनी खुशाल मुरडावे. आम्ही तोवर जेवून घेतो.

ही विद्या मला माझे मामा येसाया यांनी दिली. उंदराच्या घराला दोन दारे असतात. पुढल्या दारापाशी उकरलेल्या मातीचा ढीग असतो, आणि तो मूर्ख माणसाला दिसण्यासाठीच असतो. मागले दार वरून बंद असते. तेथे मातीचा पापुद्रा तेवढा ठेवलेला असतो, संकट आले की डोक्याने फोडून पळण्यासाठी. जो गवतातील बोटभर रुंदीची पाऊलवाट धरून आधी मागले दार शोधतो तो शिकारी. जो ढीग पाहून कुदळ हाणतो तो नुसता खड्डे खणणारा. मागल्या दारात गवताची मूठ कोंबावी, पुढून हळूहळू उकरत जावे, हात घालावा, मानेमागे धरावे व एका दाबात संपवावे. तडफडवू नये. बिळात पिल्ले असली तर आईसुद्धा तशीच सोडावी. खड्डा भरून टाचेने दाबावा, कारण उद्या त्याच जागेवरून कोणाची तरी बायको डोक्यावर पाण्याचे भांडे घेऊन जाणार असते. जमीन ज्याची असेल त्याला आधी विचारावे, आणि पहिला उंदीर त्यालाच द्यावा.

मामा म्हणत, "अरे, हत्ती मारणाऱ्याला शंभर माणसं बघत असतात, तो नीटच वागणार. उंदीर मारणाऱ्याला कोण बघतंय? तिथंच कळतं, माणूस कसा आहे ते."

दुसरीही एक रीत आहे, परंतु तिला मी विद्या म्हणत नाही. तीत वाळलेल्या गवताला काडी लावतात. गवत जळून गेले की काळ्या जमिनीवर सगळी बिळे उघडी पडतात. जे उंदीर पळतात ते काठीखाली सापडतात, जे आत राहतात ते गरम राखेत खणून काढतात. पिल्ले बिळातच भाजतात. छपराचे गवत जाते, सापसरडे जातात, आणि वाऱ्याने मनात आणले तर शेजाऱ्याचे धान्यकोठारही जाते. या रीतीला डोळे लागत नाहीत, फक्त काड्यापेटी लागते.

आता माझ्या गावातील स्थानाविषयी दोन शब्द. आमच्या लोकांत नवरा बायकोच्या गावी नांदायला जातो, व मुले आईच्या वंशाची मानली जातात. तदनुसार मी एकोणीस वर्षे चिंगोंडे गावात माझी पत्नी एनेलेसी हिच्या घरी घरजावई होतो. घरजावयाने खपावे पुष्कळ व बोलावे थोडे अशी अपेक्षा असते, आणि सामान्यतः मी ती पाळली. गावच्या मुखियांची गादीही मुलाला नव्हे तर बहिणीच्या मुलाला मिळते. मुखियांची थोरली बहीण म्हणजे मालिता, जिला सारा गाव आजी म्हणतो, आणि तिचा मुलगा फॅक्सन, हा उद्याचा मुखिया. एनेलेसी त्याची मावसबहीण लागते, म्हणून तो मला दाजी म्हणे व हवी तेवढी थट्टा करी. आमच्यात मेहुण्याला तो हक्कच आहे.

त्या शुक्रवारी सकाळी मी मालिताआजीच्या दारी गेलो. थडग्यांच्या राईला लागून तिचे गवताचे रान आहे.

"आजी, आज तुमच्या रानात उतरू का?"

"उतर. पण माझं छपराचं गवत तुडवलंस तर तुलाच छपरावर अंथरीन."

मी नऊ बिळे उघडली. त्यांपैकी दोन पिल्लांमुळे तशीच झाकली. पहिला उंदीर आजीला नेऊन दिला. तिने तो शेपटीला धरून उन्हात फिरवून पाहिला.

"हाच का पहिला? का बायकोसाठी लठ्ठ ठेवलास आणि हा पोरगेला मला?"

"आजी, पहिलाच आहे. लठ्ठ असता तर मीच पळवला असता."

"खरं बोललास, म्हणून घेते," ती म्हणाली.

दुपारी मी चिरलेल्या काड्यांत उंदीर अडकवून डांबरी रस्त्यावर विकायला उभा होतो. जाणाऱ्या-येणाऱ्या गाड्यांखेरीज तेथे माझा कोणी साक्षीदार नव्हता. परतताना धूर दिसला. मी धावत गेलो तो रान जळून गेले होते व ज्वाळा राईत शिरल्या होत्या. आम्ही सर्वांनी हिरव्या फांद्यांनी झोडपून झोडपून सूर्य बुडण्याच्या आत आग विझवली, परंतु राईची बाहेरची ओळ गेली, आणि सात थडगी जळाली. त्यांत मुखियांच्या आईचे थडगे होते.

ज्या राईत आम्ही वाळकी काटकीही उचलत नाही, ती राई जळाली. याहून मोठा अपराध आमच्या गावात नाही. आणि रानात बिळे खणलेली दिसताच लोकांनी विचार करण्याचा त्रास घेतला नाही. उंदीर कोण धरतो? जावई धरतो.

शनिवारी सकाळी एनेलेसीचे मामा डायसन आमच्या अंगणात आले. आमच्या घराचे बरेवाईट तेच पाहतात. ते बसले, खोकले, व पुन्हा खोकले.

"जावईबापू, मुखियांशी बोललो मी. एक बकरा आणि एक कोंबडी. बकऱ्याचं मी बघतो. कोंबडी तुम्ही द्या, राईपुढं वाकून 'चुकलो' म्हणा, झालं."

"मामा, मी आग लावली नाही."

"अहो, लावली असं कोण म्हणतंय? कोंबडी द्या म्हणतंय."

"कोंबडी दिली की आग माझी झाली."

"दिली नाही तर चटई उचलायला लावतील! एकोणीस वर्षं झाली, बापू. मुलं इथली आहेत, ती काय तुमच्या मागं येणार?" मग ते आवाज उतरवून म्हणाले, "शब्द काय, तोंडातून गेला की गेला. संसार तसा नसतो."

वाचक हो, येथे माझे काय पणास लागले होते ते स्पष्ट लिहितो. आमच्याकडे घरजावयाला चटई उचलायला सांगितली, की घर, बायको, मुले, पेरलेले शेत, सर्व बायकोच्या वंशाकडे राहते आणि पुरुष जसा आला तसा जातो.

डायसनमामा गेल्यावर एनेलेसी खळे झाडायचे सोडून माझ्यासमोर उभी राहिली.

"ती ठिपक्यांची कोंबडी द्या. अशीही ती स्वतःचीच अंडी फोडून खाते."

"कोंबडीचा प्रश्न नाही गं."

"मला कळतंय कशाचा प्रश्न आहे. तुमच्या नाकाचा प्रश्न आहे. अहो, मला माहीत आहे तुम्ही नाही लावली. पुरे नाही का तेवढं?"

हे उत्तर देणे मला कठीण गेले, आणि आजही कठीण जाते. मी म्हणालो, "तुला माहीत आहे म्हणूनच देता येत नाही. उद्या मी चुकलो म्हटलं, की तुला माहीत असलेलं खोटं ठरेल."

ती झाडणी उचलून पुन्हा झाडू लागली, आणि धूळ मुद्दाम माझ्याकडे उडवली.

त्याच दुपारी सभा कचेरे नावाच्या वडासारख्या झाडाखाली भरली. त्याची सावली एवढी विस्तीर्ण आहे की सारा गाव मावतो. मुखिया खुर्चीवर बसले होते व त्यांनी मला पुढे बोलावले.

"बिझिविक, शुक्रवारी तू रानात होतास?"

"होतो."

"उंदीर धरलेस?"

"धरले. मालिताआजींना विचारून नऊ बिळं उघडली."

"मग आग?"

"आग मी लावली नाही. आजवर कधी लावलेली नाही. ज्याला उंदराची वाट दिसते त्याला आग लावावी लागत नाही."

मागून फॅक्सन म्हणाला, "दाजी, मग काय उंदरांनी चूल पेटवली?"

सारा गाव हसला. मीही हसलो असतो, पण त्या दिवशी मला ते जमले नाही.

"उंदरांनाच विचारू," मी म्हणालो. "मुखिया, रान राईच्या बाहेर आहे, तिथं पाय ठेवायला बंदी नाही. माझी विनंती आहे, सगळ्यांनी माझ्याबरोबर चलावं. तिथं माझा हात दिसला तर बकरा आणि कोंबडी मी देतो, आणि चटईही मीच उचलतो."

कोणी घरजावई एवढे मोठे वाक्य झाडाखाली बोलल्याचे कोणाच्याही स्मरणात नव्हते. मुखिया नाखुशीनेच उठले, आणि त्यांच्यामागून सर्व मंडळी जळक्या रानात आली. पायांखाली राख फुर्रकन उडत होती.

मी माझ्या पहिल्या बिळापाशी गुडघ्यावर बसलो आणि हाताच्या कडेने राख बाजूला सारली. खाली लाल माती दाबून बसवलेली होती, आणि तिच्यात टाचेचा खोलगट ठसा होता. मी माझी भेगाळलेली टाच त्यात ठेवली. ती भाकरी तव्यावर बसावी तशी बसली. असे मी एकामागून एक नऊ ठिकाणी केले. एकही शोधायला मला थांबावे लागले नाही.

"इथं राख मातीच्या वर आहे," मी म्हणालो. "म्हणजे मी खणलं, भरलं, गेलो, आणि मग आग आली."

"सकाळी खणलंत, मग जाळलंत," फॅक्सन म्हणाला. "त्यात काय एवढं, दाजी?"

"माणूस गवत कशाला जाळतो, फॅक्सन? बिळं दिसावीत म्हणून. मला ती आधीच दिसली होती. मी हवी ती रिकामी करून सगळी बुजवली होती. पोटभर जेवण झाल्यावर चूल पेटवणारा माणूस तू पाहिलास का?"

या वेळी जे हसले ते माझ्या बाजूने हसले. मी पंधरा-वीस पावले पुढे गेलो.

"आता हे बघा."

तेथे काळ्या राखेवर लाल मातीचे ढीग पडले होते. बिळे पुढल्या तोंडाकडून सरळ फोडलेली, खड्डे तसेच उघडे, मागल्या दारांचा पापुद्रा आतून फुटलेला. एका खड्ड्यात चार पिल्ले होती, शेंगदाण्याएवढी, भाजलेली. मी ती तळहातावर घेऊन मुखियांना दाखवली.

"इथं माती राखेच्या वर आहे. हा ज्याचा कोणाचा हात आहे, त्यानं आग गेल्यावर खणलं. राई तिकडं पेटत होती, आम्ही कोणी पोचलो नव्हतो, तेव्हा तो इकडं खणत होता. मी कोणाचं नाव घेत नाही. मला ते दिसलेलं नाही. जे दिसतं तेवढंच मी सांगतो: हा हात माझा नाही. या हाताला उंदीर धरता येत नाही."

बहुधा हे शेवटचे वाक्य मी बोलायला नको होते. फॅक्सनचा चेहरा त्यानेच उतरला. आगीच्या आरोपाने जो हलला नसता, तो अडाणी शिकारी म्हटल्याने हलला.

"येत नाही म्हणजे? अर्धं मडकं भरून–" तो म्हणाला, आणि थांबला.

तेव्हा मालिताआजी काठी टेकत पुढे आली. तिने माझ्याकडे पाहिले नाही, भावाकडेही पाहिले नाही.

"अर्धं मडकं भरून माझ्याच घरी आले," ती म्हणाली. "मीच उकळले. मिशा जळलेल्या होत्या त्यांच्या, केस करपलेले. बिळातून काढलेल्या उंदराची मिशी कशी असते ते मला कोणी शिकवू नये, माझे दात उंदीर चावूनच पडलेत. मी काल गप्प बसले. मुलगा आहे म्हणून गप्प बसले."

"आई, घरी चल. ऊन लागलंय तुला."

"मला नाही लागलं. माझ्या आईच्या थडग्याला लागलंय. सावली जळली तिची."

मी आजही ती राख, ते ऊन, ती काठी टेकलेली म्हातारी डोळ्यांपुढे आणतो, व मला वाटते की त्या रानात माझ्यापेक्षा मोठे धैर्य तिने दाखवले. माझ्याजवळ निदान नऊ बिळांचा पुरावा होता. तिने स्वतःचे पोर पुढे केले.

मुखियांनी राईकडे पाठ फिरवली. मग त्यांनी निर्णय दिला.

"आग वाऱ्यानं आणली. कोणाचा दोष नाही. बिझिविकनं काही द्यायचं नाही, दुसऱ्या कोणीही द्यायचं नाही. विषय संपला. याच्यावर पुन्हा कोणी तोंड उघडायचं नाही."

डायसनमामांनी माझा दंड दाबला. "सुटलात! रीतीप्रमाणं टाळी वाजवून नमस्कार करा आणि घरी चला."

माझे पाय घराकडे वळले होते, हे मी प्रामाणिकपणे नमूद करतो. घर समोर दिसत होते. एनेलेसीने सकाळी झाडलेले खळे दिसत होते. मी नमस्कार करून चाललो असतो तर मी आजही तेथेच असतो. परंतु माझ्या मुठीत अजून ती चार पिल्ले होती, आणि मी मुखियांकडे परत वळलो.

"मुखिया, काल वारा नव्हता का?"

"काय?"

"काल बिझिविक होता. सकाळीही बिझिविकच होता. मालिताआजी बोलल्या आणि लगेच वारा कसा सुटला?"

"बापू!" डायसनमामा कुजबुजले.

"बकरा आणि कोंबडी राईतल्या लोकांसाठी होती ना? थडगी अजून जळलेलीच आहेत. माझ्याकडून घ्यायचं होतं तेव्हा त्यांना भूक होती, आता भागली का? ज्यानं आग लावली त्यानं कोंबडी द्यावी, आणि माझ्यावर ठपका जिथं ठेवला त्याच झाडाखाली तो काढावा. एवढंच मागतो. जास्त नाही."

मुखियांचा आवाज खाली आला, आणि जे त्यांना ओळखतात त्यांना त्याचा अर्थ ठाऊक आहे. "घरजावयानं माझ्या भाच्याला दंड सांगायचा? तुला इथं चटई टाकायला जागा आम्ही दिली. एक तर आत्ता म्हण की विषय संपला, नाहीतर ती चटई उचल."

"उचलतो," मी म्हणालो.

मी घरी पोहोचायच्या आधी सारा गाव तिथे पोहोचला होता. मी चटईला हात घालणार, तोच एनेलेसी आतून आली व तिने ती स्वतःच गुंडाळून डोक्यावर घेतली. दुसऱ्या हातात तिने स्वयंपाकाचे भांडे धरले होते.

"तू कुठं निघालीस?" डायसनमामांनी विचारले.

"नवऱ्याच्या गावी."

"माझ्या परवानगीशिवाय? तू या वंशाची बाई आहेस! बाई गेली तर मामा कशाचा मामा, आणि मुखिया तरी कोणाचा मुखिया?"

"तेच मुखियांना सांगा. बायका निघून गेल्या तर ते त्या खुर्चीवर बसून वाऱ्याचेच मुखिया राहतील."

"आणि मुलं? मुलं आमची आहेत!"

"तुमच्याच वंशाची आहेत, मामा. ती वंशाचं नाव बरोबर घेऊन येतील, इथं ठेवून नाही. तुम्ही या भेटायला. उंदीर करीन." मग ती माझ्याकडे वळली, आणि तिच्या डोळ्यांत माझ्याविषयी काही कौतुक होते असे वाचकांनी समजू नये. ती संतापलेली होती. "चला आता. नाक घेतलंत ना बरोबर? तेवढंच राहायचं."

आमची थोरली मुलगी विवाहित असल्याने तिच्या नवऱ्यासह तेथेच राहिली. ती दारात उभी राहून रडत होती. धाकटी दोघे आमच्याबरोबर आली. चार पिल्ले मी वाटेत एका उघड्या खड्ड्यात ठेवली व तो खड्डा भरला. तो मी खणलेला नव्हता, तरीही भरला.

या घटनेस दोन हंगाम झाले. नदीपलीकडे माझ्या आईच्या गावी आम्ही राहतो. येथील जमीन खडकाळ आहे, आणि एनेलेसी मला त्याची आठवण रोज करून देते. येथेही काही जण आग लावतात. मी त्यांच्याशी भांडतो, आणि ते मला म्हणतात की एका गावातून हाकलला गेलास, आता या गावातूनही जायचंय का. मी म्हणतो, जागा पुष्कळ आहे. काही मात्र माझ्याबरोबर रानात येऊ लागले आहेत, व त्यांपैकी दोघांना मागले दार बिनचूक सापडू लागले आहे.

डायसनमामा दर महिन्याला येतात, जेवतात, व तोच निरोप आणतात. गेल्या खेपेस हात धुता धुता म्हणाले, "मुखिया थकलेत, बापू. म्हणतात, परत या. मागचं कोणी काढणार नाही."

"मामा, मागचं काढणार असतील तर मी आजच निघतो. कोंबडी फॅक्सननं द्यायची, झाडाखाली द्यायची, आणि त्याच्या आईसमोर द्यायची."

"तो आता मुखिया होणार हो. तो कसा देईल?"

"मग तर त्यानं दिलीच पाहिजे," मी म्हणालो.

मामांनी एनेलेसीकडे पाहिले. ती त्यांच्यासाठी वाटेत खायला उंदीर पानात बांधत होती. "मला काय बघता?" ती म्हणाली. "मी सांगितलं होतं त्यांना, द्या कोंबडी म्हणून. आता मीच नाही देऊ देणार."

अशी ही हकीकत, जशी घडली तशी, कमी-जास्त न करता लिहिली आहे. भाषेत काही दोष आढळल्यास तो माझ्या सहाव्या इयत्तेचा समजावा. ज्यांनी येथवर वाचण्याचे श्रम घेतले त्या सर्वांचा मी मनःपूर्वक आभारी आहे.

आपला,
बिझिविक कामतेझा